मौखिक साधनांचें ध्वनिमुद्रण : बैठकीसाठीं स्टीरिओ मायक्रोफोन कोणता घ्यावा ?

कागद, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांच्या संग्रहाची विद्या आपल्या मंडळींस चांगली अवगत आहे. जीर्ण पोथी हातीं आली असतां तिचा कागद, शाई, अक्षराचें वळण, समासांतील टिपणें व शेवटची पुष्पिका यांची छाननी केल्याखेरीज आपण तिच्यांतील मजकुरावर विसंबत नाहीं. परंतु वृद्ध माणसांच्या तोंडून मिळणाऱ्या माहितीच्या बाबतींत आपण तितकेच निष्काळजी असतों. याचा अनुभव प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीनें आला. ती चूक इतरांच्या हातून होऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

१. एका बैठकीची हकीकत

इ. स. २००८ सालीं दसरा झाल्यावर कृष्णाकाठच्या एका गांवीं मीं सहा वृद्धांस एकत्र बसविलें. विषय साताऱ्याच्या प्रतिसरकाराचा, म्हणजे १९४३ ते १९४६ या काळाचा होता. त्या वेळीं सातारा व सांगली मिळून एकच जिल्हा होता. दक्षिण सातारा १९४९ सालीं निराळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. म्हणून क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांचे सहकारी यांच्याविषयींच्या आठवणी शोधणारास आजहि दोन्हीं जिल्ह्यांतील गांवें हिंडावीं लागतात.

बैठक देवळाच्या सभामंडपांत झाली. मजजवळ एक लहान ध्वनिमुद्रक होता व त्यास एकच मायक्रोफोन होता. तो सतरंजीच्या मधोमध ठेवून मी निश्चिंत झालों. भूमिगतांस कोणत्या घरीं आसरा मिळाला आणि त्याची बातमी पोलिसांस कोणीं दिली, असा प्रश्न निघतांच दोघे चुलतभाऊ एकदमच बोलूं लागले. एक म्हणाला, “म्या सोता डोळ्यानं बघितलंया.” दुसरा म्हणाला, “आपून न्हवतो तितं, पर आमच्या आईनं सांगितल्यालं.” पुढें दोघांनीं दोन निरनिराळ्या घराण्यांचीं नांवें घेतलीं.

चार महिन्यांनीं तें संभाषण उतरून काढावयास बसलों, तेव्हां कोणतें वाक्य कोणाचें हें कांहीं केल्या ठरेना. दोघांचे आवाज एकाच घडणीचे. पुन्हां गांवीं गेलों, तों त्यांपैकीं एक वारले होते व दुसऱ्यांची स्मृति गेली होती. ज्यांच्यावर फितुरीचा आळ येतो तीं दोन्हीं घराणीं आज त्या गांवीं नांदत आहेत. साक्ष प्रत्यक्षाची कीं ऐकीव, व ती कोणत्या घराण्यासंबंधीं, हें न ठरवितां असा मजकूर छापणें म्हणजे निरपराध्यास शिक्षा देण्यासारखें होय. म्हणून तें टिपण अद्याप फडताळांतच आहे.

२. महजराची शिस्त

हा प्रश्न आपल्या पूर्वजांसहि पडला होता आणि त्यांनीं त्याचें उत्तरहि शोधून ठेविलें होतें. तें उत्तर म्हणजे महजर. वतनाचा तंटा गोतसभेपुढें आला म्हणजे प्रथम ‘हाजिर मजालस’ म्हणून उपस्थितांचीं नांवें लिहीत, मग साक्षी, मग निवाडा, आणि अखेरीस ज्याची त्याची निशाणी : पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा मोठा आधार असेच महजर आहेत. अमुक गोष्ट सांगितली गेली, एवढ्यावर महजराचें काम भागत नसे. ती कोणीं सांगितली हें त्यांत निशाणीनिशीं नमूद असे.

सामूहिक संभाषणाचें ध्वनिमुद्रण हा ध्वनीचा महजर होय, आणि त्यांतील निशाणीचें काम दिशा करिते. पाटील डावीकडे बसले होते व कुळकर्णी उजवीकडे, हें कानास कळलें म्हणजे आवाज सारखे असले तरी माणूस ओळखतां येतो. ही दिशा टिकवून ठेवणें, हेंच स्टीरिओ मायक्रोफोनचें बैठकींतलें खरें प्रयोजन आहे. गाणें भव्य वाटावें म्हणून गवई स्टीरिओ वापरतो, साक्षीदार ओळखूं यावा म्हणून संशोधकानें तो वापरावा. निवडीची कसोटीहि येथूनच निघते.

३. कानास दिशा कशी कळते

नैयायिकांनीं शब्दाच्या प्रसारास दोन दृष्टांत दिले आहेत : एक वीचीतरंगन्याय व दुसरा कदंबमुकुलन्याय. पाण्यावरील लाट पुढें पुढें सरकते तसा शब्द जातो, असें एक मत. कदंबाच्या कळीला एकाच वेळीं सर्व बाजूंनीं केसर फुटावे तसा तो दाही दिशांस उमलतो, असें दुसरें. आधुनिक पदार्थविज्ञानास दोन्हीं दृष्टांत उपयोगी पडतात. ध्वनि ही लाटच आहे व ती सर्व दिशांस पसरते. पसरतां पसरतां ती क्षीण होते. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीचा दाब निम्मा होतो, म्हणजेच ६ डेसिबलनें उतरतो.

डावीकडून आलेला आवाज डाव्या कानास आधीं पोंचतो व उजव्या कानास किंचित् मागाहून. हें अंतर फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात दशांशांइतकें असतें. शिवाय डोकें आड आल्यानें उजव्या कानास तो थोडा मंदहि ऐकूं येतो. काळाचा फरक व जोराचा फरक या दोन खुणांवरून मन दिशा ठरवितें. एकाच मायक्रोफोननें घेतलेल्या मुद्रणांत या दोन्हीं खुणा पुसल्या जातात. मग पुढें कितीहि किंमतीचें यंत्र आणलें तरी त्या परत मिळत नाहींत. निरनिराळ्या हातांचीं अक्षरें असलेली पोथी एकाच लेखकाकडून नकलून घेऊन मूळ पोथी नदींत सोडावी, तसा हा प्रकार आहे.

४. मायक्रोफोनांच्या जोडीचे प्रकार

सर्व दिशांचा आवाज सारखाच घेणारा मायक्रोफोन हा सर्वदिश. समोरचा आवाज पूर्ण, बाजूचा कमी व पाठीमागचा फारच थोडा घेणारा तो हृदयाकार. त्याच्या ग्रहणक्षेत्राचा आलेख हृदयाच्या चित्रासारखा दिसतो म्हणून हें नांव. समोर व मागें ऐकणारा पण दोन्हीं बाजूंस बहिरा असा तिसरा प्रकार आहे. त्याचा आलेख इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखा असतो. यांच्या जोड्या मुख्यतः चार रीतींनीं जुळवितात.

पहिली रीत एक्स-वाय. दोन हृदयाकार मायक्रोफोन एकाच ठिकाणीं एकावर एक ठेवून त्यांचीं तोंडें डावीउजवीकडे वळवितात. दोहोंस ध्वनि एकाच क्षणीं पोंचतो, म्हणून दिशा केवळ जोराच्या फरकानें कळते. हिचा मोठा गुण असा कीं, दोन्हीं वाहिन्या पुढें एकत्र केल्या तरी आवाज बिघडत नाहीं.

दुसरी रीत मिड-साइड. हिच्यांत एक मायक्रोफोन समोर पाहतो व दुसरा, आठाच्या आकाराचा, आडवा ठेवितात. दोहोंची बेरीज केली कीं डावी वाहिनी मिळते व वजाबाकी केली कीं उजवी. आडव्या मायक्रोफोनचा अंश कमीजास्त करून चित्राची रुंदी मुद्रणानंतर घरीं बसूनहि बदलतां येते, आणि एकट्या समोरच्या मायक्रोफोनचा आवाज निर्दोष राहतो. एकाच स्थानीं ठेवलेल्या जोडीच्या या विद्येचा पाया ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्यानें घातला. त्यासंबंधींच्या एकस्वासाठीं त्यानें डिसेंबर १९३१ मध्यें अर्ज केला होता.

तिसरी रीत फ्रेंच नभोवाणीची. तिच्यांत दोन हृदयाकार मायक्रोफोनांमध्यें १७ सेंटिमीटर अंतर व ११० अंशांचा कोन ठेवितात. हें अंतर साधारणपणें मनुष्याच्या दोन कानांइतकें असल्यानें काळ व जोर या दोन्हीं खुणा मिळतात, आणि कर्णयंत्र लावून ऐकतांना बैठक डोळ्यांपुढें उभी राहते.

चौथी रीत दोन सर्वदिश मायक्रोफोन लांब लांब ठेवण्याची. गायनास ती शोभते, बैठकीस शोभत नाहीं. दोहोंत एक मीटर अंतर ठेविलें तर काळाचा फरक कानाच्या संवयीच्या चौपट होतो व मधल्या माणसांच्या जागा अस्पष्ट होतात. शिवाय दोन्हीं वाहिन्या एकत्र केल्यास कांहीं स्वर परस्परांस खाऊन टाकतात, आणि उतारा करणारा मनुष्य पुष्कळदां मोबाइलच्या एकाच कर्ण्यावर ऐकत असतो, हें विसरूं नये.

५. बैठकीप्रमाणें निवड

मायक्रोफोन निवडण्यापूर्वीं माणसें कशीं बसणार हें ठरवावें. माझा एक माजी विद्यार्थी सांगलीस नाटकांची ध्वनिव्यवस्था पाहतो. त्याच्या साह्यानें एकाच सभामंडपांत त्याच त्या माणसांस निरनिराळ्या रीतींनीं बसवून मीं हे प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष पुढें देत आहें.

पहिला प्रसंग चंद्रकोरीचा. पारावर किंवा सभामंडपांत पांच-सहा माणसें अर्धवर्तुळांत बसतात व प्रश्न विचारणारा समोर असतो. येथें एक्स-वाय किंवा मिड-साइड मायक्रोफोन कोरीच्या उघड्या तोंडाशीं, बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवावा. जवळच्या व लांबच्या माणसाच्या अंतरांत दुपटीहून अधिक फरक पडूं देऊं नये. येथें नवशिक्याची हटकून चूक होते ती कोनाविषयीं. मायक्रोफोनांमधील कोन वाढविला म्हणजे अधिक माणसें मावतील असें वाटतें, पण प्रकार उलट आहे. एक्स-वाय जोडींत ९० अंशांचा कोन असतां जवळजवळ पूर्ण अर्धवर्तुळ डावीउजवीकडे पसरून मिळतें. कोन १२० अंश केला तर सुमारें १३० अंशांची कोर तेवढाच पसारा व्यापते. म्हणून माणसें दाटीनें बसलीं असतील तर १२० व ऐसपैस बसलीं असतील तर ९० अंश घ्यावे. फ्रेंच रीतीचें क्षेत्र सुमारें ९५ अंशांचेंच आहे. त्यापलीकडे बसलेले सर्वजण एकाच टोंकास गोळा झालेले ऐकूं येतात. चौघांच्या आटोपशीर बैठकीस ती उत्तम, मोठ्या बैठकीस नव्हे.

दुसरा प्रसंग पूर्ण वर्तुळाचा. सोप्यांत किंवा माजघरांत मंडळी भोंवतालीं बसतात व मायक्रोफोन मध्यें ठेवण्याचा मोह होतो. ९० अंशांची एक्स-वाय जोडी मध्यें ठेविल्यास तिच्या ठीक पाठीमागचा माणूस समोरच्यापेक्षां सुमारें १५ डेसिबलनें मंद ऐकूं येतो. उलट दोन सर्वदिश मायक्रोफोन जवळ जवळ ठेवले तर आवाज सर्वांचा येतो, पण समोरचा कोण व मागचा कोण हें कळत नाहीं. यावर दोन उपाय आहेत. पुढची व मागची अशा दोन जोड्या स्वतंत्र नोंदविणारे ध्वनिमुद्रक मिळतात, ते वापरावे. अथवा मंडळींस विनंति करून वर्तुळाची कोर करावी. दुसऱ्या उपायास पैसा लागत नाहीं.

तिसरा प्रसंग जात्याचा. दोघी समोरासमोर बसून दळतात. एकीची ओवी संपतां संपतां दुसरी उचलते. हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांवरून हें धन किती मोठें आहे हें ध्यानांत येतें. येथें मायक्रोफोन दोघींच्या बाजूस, एक डावीकडे व एक उजवीकडे येईल असा ठेवावा. जात्याची घरघर जमिनींतून चढते. म्हणून तिवईखालीं घोंगडीची चौघडी घालावी व खालच्या स्वरांस कात्री लावणारी कळ दाबावी.

प्रत्येकाच्या सदऱ्यास स्वतंत्र लहान मायक्रोफोन लावावा, असें कोणी सुचवितील. दोघां-तिघांच्या संवादास ती रीत सर्वांत स्पष्ट, हें खरें. परंतु आठ माणसांस आठ यंत्रें लावण्यांत बैठकीचा रंग जातो, आणि मागाहून येऊन भिंतीशीं टेकलेला म्हातारा, ज्याचें एक वाक्य पुष्कळदां सर्वांहून मोलाचें ठरतें, तो यंत्रावांचून राहतो. आवाजांवरून माणसें वेगळीं करणाऱ्या संगणकाच्या नव्या युक्त्याहि आहेत. दोघे एकदम बोलूं लागले कीं त्या गोंधळतात, आणि आपला अडचणीचा प्रसंग नेमका तोच असतो.

६. वारा, पाऊस व इतर विघ्नें

चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, यावरूनच आपल्या मुलखांतील वाऱ्याचें मान कळावें. नुसती स्पंजाची टोपी खोलीपुरती. उघड्या पारावर केसाळ आवरणच हवें. हृदयाकार मायक्रोफोनास वारा सर्वदिशापेक्षां अधिक बाधतो, म्हणून मायक्रोफोन विकत घेतांनाच त्याच्या मापाचें आवरण मिळतें कीं नाहीं हें पाहावें. पाटण-जावळीकडे पावसाळ्यांत पत्र्याच्या छपराखालीं बैठक घेऊंच नये. विट्याकडे यंत्रमागांचा खडखडाट व कऱ्हाड-वाळवें भागांत गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरांवरील गाणीं टाळून वेळ ठरवावी. हृदयाकार जोडीची पाठ नेहमीं गोंगाटाकडे असावी. रस्ता पाठीमागें व माणसें समोर.

७. विकत घेतांना व लावतांना

लांबून मंद आवाज टिपावयाचा असल्यानें मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा घ्यावा. त्याच्या वर्णनपत्रांत अंगभूत खरखरीचा आंकडा दिलेला असतो. तो २० डेसिबलच्या आंत असावा, १५ च्या आसपास असल्यास उत्तम. हा आंकडा मोठा असेल तर वृद्धाच्या कुजबुजीखालीं सतत सूं सूं ऐकूं येते. मोठ्या तीन-टोंकी जोडणीच्या मायक्रोफोनास बहुधा ४८ व्होल्टांचा पुरवठा लागतो व तो देणारा ध्वनिमुद्रक लागतो. लहान साडेतीन मिलिमीटरच्या जोडणीचा मायक्रोफोन अल्प दाबावर चालतो. दोहोंचा मेळ दुकानांतच कर्णयंत्र लावून पाहावा. ध्वनिमुद्रकाच्या अंगच्याच एक्स-वाय जोडीवर पुष्कळ काम भागतें. मात्र तो हातांत न धरतां तिवईवर बसवावा.

आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी कळ बंद ठेवावी. ती कुजबूज व आरोळी एकाच मापाची करून टाकते. मुद्रण न दाबलेल्या वेव्ह स्वरूपांत, सेकंदास ४८,००० नमुने व २४ बिटें या मानानें करावें. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघानें हें किमान मान सांगितलें आहे. स्टीरिओ मुद्रणास यामुळें तासास सुमारें एक गिगाबाइट जागा लागते, व आजच्या काळांत ती कांहींच नव्हे. त्याच रात्रीं दोन निराळ्या ठिकाणीं प्रती कराव्या.

८. हाजिर मजालस

उत्तम यंत्र असलें तरी महजराची शिस्त सोडूं नये. आरंभीं मुद्रणाची परवानगी मागावी व ती मुद्रणांतच येऊं द्यावी. नंतर डावीकडून उजवीकडे प्रत्येकानें आपल्या जागीं बसूनच नांव, गांव व वय सांगावें. वहींत बसण्याचा नकाशा काढावा. कोणी उठून जागा बदलली तर ती गोष्ट आपण मोठ्यानें उच्चारावी. कोणी महत्त्वाची गोष्ट सांगितली कीं, नांव घेऊन, “तात्या, हें तुम्हीं स्वतः पाहिलें कीं ऐकलें ?” असें तेथेंच विचारावें. एवढ्या एका प्रश्नानें माझें २००८ चें टिपण वांचलें असतें.

तात्पर्य, एकच मायक्रोफोन घेणाराची ऐपत असेल तर त्यानें कोन बदलतां येणारा एक्स-वाय अथवा मिड-साइड स्टीरिओ मायक्रोफोन, केसाळ आवरणासह, घ्यावा. माणसें कोरीच्या आकारांत बसवावीं. आणि बैठक नांवांच्या उच्चारानें सुरू करावी.

राजवाड्यांनीं वाईस सांपडलेल्या कागदांवरून आपल्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं काढला. ते कागद दप्तरांत वाट पाहत पडून राहूं शकले. माणसें तशीं वाट पाहत नाहींत. प्रतिसरकार जाणत्या वयांत पाहिलेलीं माणसें आज नव्वदीपलीकडे गेलीं आहेत व तीं थोडीं उरलीं आहेत. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आणि माण, खटाव, आटपाडी व जत या भागांतील १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं सोसला, तीं मात्र अजून पारावर येऊन बसतात. त्यांचे शब्द टिपतांना शब्दाबरोबर शब्दाचा धनीहि टिपला जावा, एवढीच वाचकांस विनंति आहे.